विश्लेषण : बाबासाहेबांचे लंडनमधील घर नेमके कसे आहे? जॉर्जियन टाउनहाऊसशी त्याचे नाते काय?

लंडनच्या कॅम्डेन भागातील १०, किंग हेन्रीज रोड या पत्त्यावर १९२१-२२ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहात होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये हे घर विकत घेतले आणि स्मारकात रूपांतरित केले. घर पाहायला जाणाऱ्या अनेकांना पहिला धक्का बसतो तो त्याच्या साधेपणाचा. ना बंगला, ना आवार, ना फाटक. एका लांबलचक रांगेतील, दोन्ही बाजूंच्या घरांना चिकटलेले, अरुंद तोंडाचे चार मजली विटांचे घर. असे घर लंडनमध्ये हजारोंनी का बांधले गेले, त्याची रचना कोणत्या समाजासाठी झाली होती आणि त्यात एका चाळीतून आलेला तरुण कसा पोहोचला, याचा आढावा.

बाबासाहेबांची सुरुवातीची घरे कोणती?

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी सैन्यातील शाळेत शिकवत. निवृत्तीनंतर कुटुंब काही काळ दापोलीत, मग साताऱ्यात आणि नंतर मुंबईत आले. मुंबईत परळच्या डबक चाळीतील एका खोलीत संसार मावायचा. स्वयंपाक, झोप, अभ्यास सारे तिथेच. मुलाला अभ्यासाला शांतता मिळावी म्हणून रामजी त्याला लवकर झोपवत आणि पहाटे दोनला उठवत. मग तेलाच्या दिव्याखाली वाचन चाले. पुढे कुटुंब परळच्याच बीआयटी चाळीत दोन खोल्यांत राहायला गेले. मुंबईतील प्लेगच्या साथीनंतर शहर सुधारण्यासाठी स्थापन झालेल्या ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ने या चाळी बांधल्या होत्या. लांब सज्जा, सज्जात उघडणारी दारे, सामाईक नळ आणि सामाईक शौचालय, ही त्यांची रचना.

१९१२ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजमधून बीए झाल्यावर बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ मध्ये ते लंडनला आले. ‘लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ‘ग्रेज इन’मध्ये बॅरिस्टरीसाठी त्यांनी नाव नोंदवले. मात्र शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. त्यांचे सामान ज्या जहाजातून येत होते ते महायुद्धात पाणतीराने बुडाले. पुस्तकेही त्यातच गेली.

बडोद्यात घर का मिळाले नाही?

शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदा संस्थानात नोकरी करायची होती. आंबेडकर बडोद्याला पोहोचले तेव्हा त्यांच्याकडे अमेरिकी विद्यापीठाचे शिक्षण होते, संस्थानाची नोकरी होती आणि भाडे भरायची तयारीही होती. राहायला जागा मात्र नव्हती. हिंदू हॉटेलात अस्पृश्याला प्रवेश नव्हता. अखेर एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव नोंदवून, दिवसाला दीड रुपया देऊन ते राहिले. वरच्या मजल्यावर एक लहान खोली, बाकी सारा दिवाणखाना अडगळीने भरलेला आणि रात्री उजेडाला एक मिणमिणता कंदील.

अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि खोली खाली करायला सांगून गेला. आंबेडकरांनी एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे आसरा मागितला. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. मुंबईची गाडी रात्री होती. तोवरचे काही तास त्यांनी बडोद्याच्या सार्वजनिक बागेत बसून काढले. पुढे त्यांनी हा प्रसंग ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत नोंदवला. पैसा आणि पदवी दोन्ही असूनही डोक्यावर छप्पर मिळत नाही, हा अनुभव त्यांच्या पुढच्या सार्वजनिक आयुष्याच्या मुळाशी राहिला.

ते पुन्हा लंडनला कसे गेले?

मुंबईत सिडनहॅम कॉलेजमध्ये १९१८ पासून त्यांनी प्राध्यापकी केली आणि पगारातून पैसे साठवले. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ पाक्षिक सुरू झाले. त्याच वर्षी नोकरी सोडून, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या आधारे ते पुन्हा लंडनला गेले. पत्नी रमाबाई आणि कुटुंब बीआयटी चाळीतच राहिले. हाती असलेले पैसे मोजून वापरायचे होते, कारण एक घर लंडनमध्ये आणि दुसरे परळमध्ये चालवायचे होते.

याच मुक्कामात किंग हेन्रीज रोडवरील घराचा पत्ता त्यांच्या आयुष्यात आला.

जॉर्जियन टाउनहाऊस म्हणजे काय?

ब्रिटनच्या गादीवर १७१४ ते १८३० या काळात जॉर्ज नावाचे चार राजे एकामागून एक बसले. त्या काळातील वास्तुशैलीला जॉर्जियन म्हणतात. मुंबईकरांना तिची नागरी, सार्वजनिक छटा परिचित आहे. फोर्टमधील एशियाटिक सोसायटीचा टाउन हॉल याच परंपरेतील आहे. तो कर्नल थॉमस काउपर यांच्या आराखड्यानुसार १८३३ मध्ये पूर्ण झाला. लंडनमध्ये मात्र या शैलीची खरी ओळख रांगेतील घर ही आहे. इंग्रजीत त्या रांगेला ‘टेरेस’ म्हणतात. मराठीतील टेरेस, म्हणजे गच्ची, हा अर्थ इथे लागू होत नाही.

या घराचे मूळ एका आगीत आहे. १६६६ च्या भीषण आगीत लंडनचा लाकडी गाभा जळून गेला. त्यानंतर झालेल्या कायद्याने नवी घरे वीट आणि दगडात बांधणे बंधनकारक केले. दोन घरांमधील सामाईक भिंत पुरेशी जाड असावी, म्हणजे एका घराची आग शेजारी जाणार नाही, असा त्यामागचा हेतू होता. पुढे लाकडी खिडक्यांच्या चौकटी भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठापासून आत सरकवण्याचा नियम आला. जॉर्जियन घराची खिडकी आत खोल बसलेली दिसते, ती शोभेसाठी नव्हे. अग्निसुरक्षेचा नियम तिथे वास्तुशैली झाला.

१७७४ च्या इमारत कायद्याने घरांची चार श्रेणींत विभागणी केली. पहिल्या श्रेणीच्या घराचे तळक्षेत्र ९०० चौरस फुटांहून अधिक, तर चौथ्या श्रेणीचे ३५० चौरस फुटांहून कमी. कोणत्या श्रेणीला किती जाडीची भिंत हवी हेही ठरवून दिले. त्यामुळे बांधकामाला एक साचा मिळाला. जमीनदार आपली जमीन दीर्घ मुदतीच्या, बहुधा ९९ वर्षांच्या, भाडेपट्ट्याने ठेकेदाराला देई. ठेकेदार तिथे एकसारख्या घरांची रांग उभी करी. मुदत संपली की जमीन आणि घरे दोन्ही जमीनदाराकडे परत. आजच्या भाषेत तो एक प्रकारचा गृहप्रकल्पच होता.

या घराची रचना कशी असते?

रस्त्याकडील जागा महाग, म्हणून घराचे तोंड अरुंद आणि खोली जास्त. प्रत्येक मजल्यावर साधारण एक खोली पुढे, एक मागे आणि बाजूला जिना. मजल्यांचा आणि छपराचा भार मुख्यतः विटांच्या भिंतींवर. शेजारच्या दोन घरांत एकच भिंत असल्याने विटा वाचत, उष्णता टिकून राही आणि रांगेतील घरे एकमेकांना आधार देत. लंडनची पिवळसर वीट ही तिथल्या मातीत खडू मिसळून भाजलेली. जोडणीला चुन्याचा दर्जा.

खिडक्या वरखाली सरकणाऱ्या असतात. चौकटीच्या आत दोरीला टांगलेली वजने लपवलेली असतात आणि त्यांच्या तोलामुळे जड तावदानही एका हाताने उचलता येते. दारावर अर्धवर्तुळाकार काच असते, कारण आतल्या अरुंद बोळात उजेड यायचा दुसरा मार्ग नसतो. दारासमोर काही पायऱ्या आणि त्यांच्या शेजारी लोखंडी कठड्यामागे जमिनीखाली उतरणारी मोकळी जागा. तिथून तळघराला उजेड मिळतो. कोळसा साठवायची कोठारे अनेकदा पदपथाखाली असत.

दर्शनी भिंतीकडे पाहिले तर खिडक्यांची उंची मजल्यागणिक बदलते. पहिल्या मजल्यावरच्या खिडक्या सर्वात उंच, त्यावरच्या कमी आणि सर्वात वरच्या जवळपास चौकोनी. हे गणित डोळ्याला सुखावते, पण ते घरातल्या उतरंडीचा नकाशाही आहे. पहिल्या मजल्यावर पाहुण्यांचा दिवाणखाना, त्यावर मालकांच्या झोपण्याच्या खोल्या, अगदी वर छपराखाली नोकरांच्या खोल्या आणि तळघरात स्वयंपाकघर. नोकर तळघरात राबायचे आणि माळ्यावर झोपायचे. मोठ्या घरांत त्यांच्यासाठी जिनाही वेगळा असे. बाहेरून रांग एकसारखी दिसे, पण आत प्रत्येकाची पायरी ठरलेली होती.

किंग हेन्रीज रोडचे घर जॉर्जियन आहे का?

काटेकोरपणे नाही. हा रस्ता एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळात वसला. पण साचा तोच राहिला. अरुंद तोंड, सामाईक भिंत, तळमजल्याखालची पातळी, पायऱ्या, सरकत्या खिडक्या, मजल्यांची उतरंड हे सारे जॉर्जियन टाउनहाऊसकडून आलेले. सजावट वाढली, काचा मोठ्या झाल्या, मूळ बांधा बदलला नाही. अस्सल जॉर्जियन वस्ती पाहायची तर ब्रिटिश म्युझियमला लागून असलेला बेडफर्ड स्क्वेअर आहे. तो १७७५ नंतरच्या काही वर्षांत बांधला गेला. तिथल्याच एका घरात राजा राममोहन रॉय उतरले होते आणि तिथे त्यांच्या नावाचा फलक आहे. आंबेडकरांचा रोजचा वावर याच भागात होता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत या घरांचे दिवस पालटले होते. पहिल्या महायुद्धानंतर घरात राहणारे नोकर मिळेनासे झाले, मोठी घरे सांभाळणे परवडेना. मग खोल्या भाड्याने देणे सुरू झाले. एका कुटुंबासाठी आणि त्याच्या नोकरांसाठी बांधलेल्या घरात आता विद्यार्थी, कारकून, परदेशी पाहुणे राहू लागले. लंडनमध्येही भेदभाव होता. रंग पाहून खोली नाकारणाऱ्या घरमालकिणी होत्या आणि भारतीय विद्यार्थ्यांना तो अनुभव येत होता. तरीही खोली मिळालीच तर तिथे जात विचारली जात नव्हती. खोटे नाव नोंदवायची गरज नव्हती. बडोद्यात जे पदवीला आणि पैशाला मिळाले नाही, ते इथे आठवड्याच्या भाड्याला मिळत होते.

लंडनमध्ये बाबासाहेबांचा दिवस कसा जात असे?

चरित्रकारांच्या नोंदी पाहिल्या तर घर त्यांच्या वाट्याला फार थोडा वेळ येत असे. सकाळी जुजबी न्याहारी करून ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयाकडे निघत. घरापासूनचे अंतर सुमारे चार किलोमीटर. भाडे वाचवण्यासाठी ते बऱ्याचदा चालत. १८५७ मध्ये उघडलेले ते वाचनदालन गोलाकार आहे. त्यावर प्रचंड घुमट आहे आणि मध्यभागाकडून चाकाच्या आऱ्यांसारखी वाचकांची मेजे पसरलेली होती. उघडायच्या वेळी हजर व्हायचे आणि बंद करताना शेवटी उठायचे, असा त्यांचा क्रम होता. दुपारच्या जेवणाला फाटा देत. इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयातही त्यांचे तास जात. रात्री खोलीवर परतल्यावर पुन्हा वाचन. भूक लागली की भाजलेल्या पापडांवर भागवायचे. खोलीतील सोबती असनाडेकर झोपायला सांगत, पण दिवा जळत राही.

या कष्टांचे फळ लवकरच दिसले. १९२१ मध्ये एमएस्सी, १९२२ मध्ये बॅरिस्टर आणि १९२३ मध्ये डीएस्सी. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध त्याच वर्षी लंडनमध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. दरम्यान पैसे संपत आले होते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले आणि पुन्हा परळच्या चाळीत राहू लागले. पुढची जवळपास दहा वर्षे, महाडच्या १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहापासून गोलमेज परिषदेपर्यंत, त्यांचा घरचा पत्ता चाळीचाच होता.

स्वतःचे घर बांधताना त्यांनी काय ठरवले?

दादरच्या हिंदू कॉलनीत १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘राजगृह’ उभे राहिले. मगध देशाच्या प्राचीन राजधानीचे हे नाव बौद्ध इतिहासाशी जोडलेले आहे. या घराच्या आराखड्यात आंबेडकरांनी स्वतः लक्ष घातले. बहुतेक घरांत दिवाणखाना केंद्रस्थानी असतो, राजगृहात तो मान ग्रंथसंग्रहाला मिळाला. कुटुंब खाली आणि पुस्तके वर अशी विभागणी झाली. हा संग्रह पुढे हजारोंच्या घरात गेला आणि देशातील मोठ्या खासगी ग्रंथसंग्रहांत त्याची गणना होऊ लागली.

लंडनच्या टाउनहाऊसमध्ये सर्वात उंच खिडक्यांचा मजला पाहुण्यांसाठी होता. राजगृहात सर्वात चांगली जागा वाचणाऱ्यासाठी ठेवली गेली. एका खोलीत पहाटे दोनला उठून अभ्यास केलेल्या माणसाने घराची उतरंड अशी बदलली. याच घरात २७ मे १९३५ रोजी रमाबाईंचे निधन झाले. ज्यांनी चाळीत वर्षे काढून पतीचे परदेशातील शिक्षण निभावले, त्यांना नव्या घराचा सहवास थोडाच लाभला.

गोंदिया परिसराशी या कहाणीचा संबंध काय?

स्वातंत्र्यानंतर कायदामंत्री म्हणून आणि संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून आंबेडकर दिल्लीत होते. १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५२ ची लोकसभा निवडणूक ते मुंबईतून हरले. १९५४ मध्ये भंडारा लोकसभा पोटनिवडणुकीत ते पुन्हा उभे राहिले आणि तिथेही पराभूत झाले. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील प्रतापगडसह आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता. स्वतंत्र गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला.

प्रतापगड ओळखले जाते ते जुन्या किल्ल्यामुळे आणि महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे. महादेवाचे स्थान आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गा इथे एकाच परिसरात आहेत आणि दोन्हीकडे भाविकांची गर्दी होते. पूर्व विदर्भातील खेड्यांतली जुनी घरे मातीच्या भिंतींची आणि कवेलूंची. लंडनच्या विटांच्या रांगेशी त्यांचे वरवर काहीच साम्य नाही. पण घर कुठे आहे यावरून माणसाची पायरी ओळखण्याची रीत दोन्हीकडे होती. लंडनमध्ये ती तळघरापासून माळ्यापर्यंत उभी मांडलेली, खेड्यात गावठाणापासून वेशीबाहेरच्या वस्तीपर्यंत आडवी. खेडे म्हणजे समतेचे आदर्श नव्हे, ही आंबेडकरांनी संविधान सभेतही मांडलेली भूमिका याच अनुभवातून आली होती.

निवडणुकीत पराभव झाला, तरी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी घेतलेल्या धम्मदीक्षेचा या भागावर खोल परिणाम झाला. भंडारा-गोंदियातील असंख्य घरांत बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या तसबिरी शेजारी शेजारी दिसतात. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीतील २६, अलीपूर रोड येथे त्यांचे निधन झाले. तेही घर त्यांच्या मालकीचे नव्हते.

लंडनच्या घरावरून वाद का झाला?

महाराष्ट्र सरकारने किंग हेन्रीज रोडचे घर सुमारे ३१ लाख पौंडांना विकत घेतले. १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी स्मारकाचे उद्घाटन केले. मात्र लंडनमध्ये निवासी घराचे संग्रहालय करायचे तर वापरबदलाची परवानगी लागते. कॅम्डेन कौन्सिलने ती नाकारली. घरांची टंचाई असलेल्या शहरात राहण्याची एक जागा कमी होते, हा मुख्य आक्षेप होता. सामाईक भिंतीपलीकडे राहणाऱ्या काही शेजाऱ्यांनी गर्दी आणि आवाजाची तक्रार केली.

अपील झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये सुनावणी झाली. मार्च २०२० मध्ये ब्रिटनचे तत्कालीन गृहनिर्माणमंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी संग्रहालयाला परवानगी दिली. एक निवासी जागा कमी होण्याच्या तोट्यापेक्षा आंबेडकरांच्या वारशाचे मोल अधिक ठरले.

कौन्सिलचा मुद्दा क्षुल्लक नव्हता. राहायला जागा नसण्याचा अर्थ आंबेडकरांइतका क्वचितच कोणी अनुभवला असेल. म्हणूनच या घरात काय दाखवले जाते याला महत्त्व आहे. मंत्र्यांच्या भेटींची छायाचित्रे कुठेही लावता येतील. इथे येणाऱ्या विद्यार्थ्याला बडोद्याची ती धर्मशाळा, परळची दोन खोल्यांची चाळ आणि दादरचे राजगृह यांच्या मध्ये हे घर उभे आहे एवढे कळले, तर एका राहत्या जागेचे मोल वसूल झाले असे म्हणता येईल.